काकूंच्या भिंतीतली फुकट पुस्तकपेटी: साडेतीन स्टार, आणि दीड का कापला ते

रेटिंग आधीच सांगून टाकते, साडेतीन. ज्यांना फक्त जाऊन पुस्तक घ्यायचंय त्यांच्यासाठी एवढंच की नाशिकमधल्या इंदिरानगरच्या आतल्या एका कॉलनीत बंगल्याच्या कंपाउंडच्या भिंतीत बसवलेली पेटी आहे, डिपॉझिट नाही, कार्ड नाही, सही नाही, पुस्तक घ्या, वाचा, परत आणा नाहीतर दुसरं ठेवा. नेमका पत्ता देत नाहीये कारण ज्यांची पेटी आहे त्या काकूंनीच देऊ नको म्हणून सांगितलंय, का ते पुढे येईलच. शोधायचीच असेल तर संध्याकाळी सहानंतर दप्तरासकट उभी असलेली दोन-चार पोरं आणि तिरक्या लावलेल्या ॲक्टिव्हा दिसल्या की तीच.

मी गेलं दीड वर्ष वापरतेय, आठवड्यातून एकदा तरी चक्कर असते, अंबडहून घरी येताना वाटेवरच पडते म्हणून.

आता पुस्तकं. पेटीत दोन फळ्या, मिळून चाळीसेक पुस्तकं दाटीवाटीने बसतात. मागच्या मंगळवारी वरच्या फळीवर काय होतं ते मुद्दाम बघून ठेवलं: एमपीएससीची दोन गाईडं (एकाचा सिलॅबस कधीच बदललाय), कव्हर फाटलेली एक शिकारकथा, पाच वेगवेगळ्या वर्षांचे दिवाळी अंक, इंग्रजी ‘श्रीमंत कसे व्हाल’ टाइप एक, होमिओपॅथीचं एक, आणि एक लोणच्यांचं पुस्तक ज्यात कोणीतरी पेन्सिलने प्रत्येक पानावर दुरुस्त्या केल्यात. लिंबाच्या लोणच्याशेजारी ‘मीठ एवढं नको, माझं खारट झालं’, आणि त्याखाली वेगळ्या अक्षरात ‘माझं नाही झालं’. ते पुस्तक मी दोनदा घरी नेलं, आणि खरं सांगायचं तर लोणचं घालायला नाही, ती भांडणं वाचायला. तुम्हाला एखादं ठरावीक पुस्तक हवं असेल तर इथे जाऊ नका, इथे आपण पुस्तक शोधत नाही, जे समोर येईल ते घेतो, स्वयंपाकघरात काय उरलंय ते बघून रात्रीचं जेवण ठरवतो ना तसं.

लहान मुलांची पुस्तकं टिकतच नाहीत, सकाळी ठेवली की संध्याकाळी गायब, आणि परत येताना त्यांना स्केचपेनचे रंग लागलेले असतात. काकूंना त्याचं काही वाटत नाही. मला मात्र वाटतं, म्हणून मी त्याचे मार्क कापलेत, कारण माझ्या पुतणीला आधीच सगळी कोडी सोडवलेलं पुस्तक मिळालं आणि ती रडली.

दान करणाऱ्यांबद्दलही थोडं बोलून घेते. पंधरा ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो ना, कलामांच्या जयंतीचा, त्या आठवड्यात सगळ्यांना एकदम दानाची हुक्की येते आणि घरातली अडगळ पेटीखाली गठ्ठे बांधून येते. त्यात जुन्या पोथ्या भरपूर. पोथी रद्दीत घालवत नाही, फाडवत नाही, घरात कोणी वाचत नाही, मग करायचं काय, तर ठेवा पेटीत. एकदा तर कोणीतरी काच तडकलेली देवाची तसबीर आणून ठेवली होती, सोबत दोन उदबत्त्या. म्हणजे पेटीचा पार पिंपळाचा पार झाला. काकू त्या दिवशी खरंच वैतागल्या, म्हणाल्या, “मी लायब्ररी उघडलीय गं, विसर्जनाचा घाट नाही.” तेव्हापासून पेटीवर स्केचपेनने लिहिलेला कागद आहे: ‘देव, कॅलेंडर आणि लग्नपत्रिका आपापल्या घरी.’

काकू नाशिकरोडला नोटांच्या प्रेसमध्ये होत्या, नोकरीची सगळी वर्षं त्या मोजण्यात गेली, त्यामुळे पुस्तकंही अंगठ्याने फर्रकन मोजतात आणि एक जरी कमी असलं तरी लगेच कळतं. एका रात्रीत अख्खी पेटी रिकामी झाली होती, सगळी गेली, गाईडंसुद्धा, बहुतेक किलोवर विकली कोणीतरी. त्यानंतर त्यांनी शिक्का करून घेतला, ‘भेट आहे, विकायची नाही’, आणि तो पहिल्या पानावर न मारता आतल्या एका ठरावीक पानावर मारतात, जुन्या वाचनालयांत गुप्त पान असायचं तसं. कितवं पान ते मला माहितीय, सांगणार नाही.

मूळ आयडिया काकूंची नाही, आणि त्या तसा दावाही करत नाहीत. लेकीकडे अमेरिकेत सहा महिने राहून आल्या, तिकडे घरासमोर खांबावर पक्ष्याच्या घरट्यासारख्या पेट्या बघितल्या आणि फोटो काढून आणले. ‘लिटल फ्री लायब्ररी’ म्हणतात. २००९ साली विस्कॉन्सिनमधल्या हडसन गावात टॉड बोल नावाच्या माणसाने पहिली केली, आई शिक्षिका होती, तिच्या आठवणीसाठी जुन्या गॅरेजच्या दाराचं लाकूड वापरून एका खोलीच्या शाळेसारखं छोटं घर बनवलं आणि पुस्तकं भरून अंगणात उभं केलं. मग रिक ब्रूक्स म्हणून दुसरे एक जण जोडीला आले, आणि कार्नेगी नावाच्या उद्योगपतीने बांधलेल्या अडीच हजारावर लायब्रऱ्यांचा आकडा गाठायचा असं ठरवलं, तो २०१२ मध्येच ओलांडलासुद्धा. टॉड बोल २०१८ मध्ये गेले, पण आज जगभरात अशा पेट्या लाखाच्या वर आहेत. त्यांच्याकडे रितसर नोंदणी केली की नंबराची पाटी मिळते आणि नकाशावर नाव येतं. काकूंनी नोंदणी केली नाही, म्हणाल्या नकाशावर आलं की आणखी गाड्या येतील, आधीच पुरेशा आहेत.

पेटी बनवण्याचा किस्सा वेगळाच. पहिली पेटी एका फर्निचरवाल्याकडून करून घेतली, त्याने ‘वॉटरप्रूफ आहे काकू, डोळे झाकून न्या’ म्हणून साधं पार्टिकल बोर्ड गळ्यात मारलं, वर छान सागवानी लॅमिनेट. जूनमध्ये दोन सरी आल्या आणि जुलैपर्यंत खालची फळी पावासारखी फुगली, दार लागेना, आतली पुस्तकं एकमेकांना चिकटली. छप्पर सपाट होतं आणि पुढे एक इंचही आलेलं नव्हतं, आपल्याकडचा पाऊस काय सरळ पडतो का, वाऱ्याबरोबर आडवा येतो. फर्निचरवाला म्हणाला, “पावसात ठेवणार असं बोललाच नव्हतात.” पेटी रस्त्यावर लावणार हे माहीत असताना! दुसरी पेटी मग अंबडच्या एका फॅब्रिकेटरकडून पत्र्याची, छप्पर उतरतं आणि पुढे हातभर आलेलं, मागे जाळी लावलेली भोकं म्हणजे हवा खेळती राहते. आत काकू कडुनिंबाचा पाला ठेवतात कसरीसाठी, आणि डांबरगोळ्या अजिबात ठेवत नाहीत कारण पोरं गोळी समजून तोंडात घालतील. कोणाला अशी पेटी करायची असेल तर माझा फुकट सल्ला: बोर्डाच्या नादाला लागू नका.

आता खरा विषय, ज्यासाठी एवढं टाइप करायला बसले.

ती पत्र्याची पेटी आधी भिंतीत नव्हती. फाटकाबाहेर, भिंतीला लागून, कॉलनीच्या रस्त्याच्या कडेला चार फुटी लोखंडी स्टँडवर उभी होती, खाली सिमेंटचा ठोकळा ओतून. दिसायला एकदम मस्त, मी तर सेल्फी काढला होता. महिना-दीड महिना सुखात गेला. मग तक्रार गेली. कोणी केली ते कॉलनीत सगळ्यांना माहितीय आणि कोणीच बोलत नाही, तर मीही नाही बोलत. एक दिवस अतिक्रमणवाले दोघं जण आले, एकाच्या हातात टेप. नेमकी मी तिथेच होते, हातात एक दिवाळी अंक, मला उगाचच आपण चोरीचा माल धरलाय असं वाटलं.

मला वाटलं आता आवाज चढणार, पण तसं काही झालं नाही. साहेबांनी आधी पेटी उघडून एक पुस्तक चाळलं, मग म्हणाले, “काकू, काम चांगलंय तुमचं, पण हे रस्त्यात आहे.”

काकू म्हणाल्या, “रस्त्यात कुठंय, भिंतीला तर चिकटलंय.”

“भिंतीच्या बाहेर म्हणजे रस्ताच. तुमची हद्द भिंतीपर्यंत.”

“अहो पण पलीकडे त्या टपरीला...”

“टपरीचं टपरीला सांगू. तुमचं तुम्हाला सांगतोय.”

काकूंचा चेहरा पडला. मला राग आला, खोटं कशाला बोलू, घरी येऊन मी तासभर कायदा शोधत बसले, वाटलं कुठेतरी लिहिलेलं सापडेल की पुस्तकांना सूट आहे. कसली सूट. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९, कलम २२९, सार्वजनिक रस्त्यावर अडथळा होईल असं काहीही उभारायचं नाही, आणि कलम २३१, तसं उभारलेलं काही असेल तर आयुक्तांना नोटीस न देतासुद्धा काढून टाकता येतं. नोटीस न देता! आपल्या प्लॉटच्या आत बेकायदेशीर बांधकाम असेल तर त्याला कलम २६० ची नोटीस, बाजू मांडायची संधी, सगळं आहे. रस्त्यावरच्या वस्तूला ती सवलत नाही. म्हणजे साहेबांनी येऊन तोंडी सांगितलं हेच बरं झालं म्हणायचं, सरळ उचलून गाडीत टाकली असती तरी आपण काही बोलू शकलो नसतो. आणि कायद्याला पेटीत पुस्तकं आहेत की वडापाव याच्याशी काही घेणं नाही, ते बरोबरच वाटायला लागलं मला नंतर. उद्या कोणी पुस्तकपेटी म्हणून उभी करेल, परवा तिला फ्लेक्स लागेल वाढदिवसाचा, तेरवा बाजूला पानाची गादी.

शोधताना हेही कळलं की तिकडे अमेरिकेतही हाच गोंधळ झालाय, आणि तो जास्त गमतीचा आहे कारण तिकडे पेट्या लोकांच्या स्वतःच्या अंगणात होत्या. कॅन्ससमध्ये लीवूड म्हणून गाव आहे, तिथे २०१४ मध्ये एका नऊ वर्षांच्या मुलाने घरापुढच्या हिरवळीवर पेटी लावली, तर गावाचा नियम असा की मुख्य घराला न जोडलेलं कुठलंही स्वतंत्र बांधकाम पुढच्या अंगणात चालणार नाही. पेटी झाली ‘स्वतंत्र बांधकाम’. काढा, नाहीतर दंड. पोरगं गेलं कौन्सिलपुढे बोलायला, आणि जुलैमध्ये कौन्सिलने पेट्यांना तात्पुरती सूट दिली. पुढच्या वर्षी लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टला तोच प्रकार, झोनिंगवाले म्हणाले लायब्ररी ही कमर्शियल भागातच चालते, राहत्या भागात नाही. तिथे एका बाईंनी निषेध म्हणून आपल्या अंगणात दगडावर नुसती पुस्तकं मांडून ठेवली, पेटीच नाही तर काढणार काय! हे काकूंना वाचून दाखवलं तर म्हणाल्या, “आपल्याकडे दगडावर पुस्तकं मांडली तर दुसऱ्या दिवशी दगडाला शेंदूर लागेल.”

तर फरक असा, तिकडे प्रश्न होता स्वतःच्या जागेत काय ठेवायचं, आपल्याकडे प्रश्न होता जागा कोणाची. आणि आपला प्रश्न सुटायला सोपा निघाला. काकूंनी कपाटातून बंगल्याचा मंजूर नकाशा काढला, घड्या उलगडताना त्याचे चार तुकडे झाले, ते टेपने चिकटवून हद्द बघितली. भिंत बरोबर हद्दीवर, बाहेर एक इंचही आपलं नाही. मग आयडिया निघाली की पेटी भिंतीच्या बाहेर कशाला, भिंतीतच बसवू. फाटकाजवळची विटांची भिंत दोन फूट फोडली, पेटी आतल्या बाजूने सरकवून बसवली, तोंड रस्त्याकडे, पाठ काकूंच्या जास्वंदीकडे. वाचणारा रस्त्यावर उभा राहतो, पेटी पूर्ण हद्दीत. गवंड्याने सिमेंटचा लेप देऊन कडा अशा मिळवल्या की मूळची कोनाडा ठेवून भिंत बांधली असावी असं वाटतं.

आणि इथे एक गोष्ट मला फार आवडली. पेटीला आधी बाहेर उघडणारं दार होतं, बिजागरीचं. उघडलं की दार चौदा इंच रस्त्यावर येणार. गवंडी म्हणाला चालतंय की, कोण बघतंय. काकू म्हणाल्या नाही, आणि सरकती काच लावून घेतली, किराणा दुकानाच्या शोकेसला असते तशी, रुळावरची. साहेब परत एकदा येऊन गेले, काच सरकवून बघितली, हसले, आणि तक्रार मिटली असं सांगून गेले. लेखी काही दिलं नाही, काकूंनी मागितलंही नाही, त्यांनी फक्त पेटीचा टेप लावलेला एक फोटो काढून नकाशाबरोबर फाइलला लावलाय. सिंहस्थ २०२७ चा आहे, रस्त्यांची कामं निघाली की कोण कधी टेप घेऊन येईल सांगता येत नाही, कागद तयार पाहिजे असं त्यांचं म्हणणं.

हे सगळं बघून मला हुरूप आला आणि मी आमच्या बिल्डिंगमध्ये तशीच पेटी करू म्हणाले. चूक झाली. फ्लॅटवाल्यांनी हे वाचून ठेवा: बंगल्याची भिंत काकूंची, बिल्डिंगची भिंत सगळ्यांची, म्हणजे कोणाचीच नाही. जिन्याखाली म्हटलं तर आग लागली तर जायची वाट मोकळी हवी, हे मान्य. पार्किंगमध्ये म्हटलं तर एकाच्या गाडीचं दार उघडताना लागेल. गेटपाशी म्हटलं तर बाहेरची माणसं येतील. मीटिंगमध्ये ठराव मांडा म्हणाले, मांडला, त्यावर चर्चा पाऊण तास चालली आणि त्यातला अर्धा तास पाण्याच्या टाकीवर. शेवटी ‘पुढच्या सभेत विचार करू’. मी आपली परत काकूंच्या पेटीवर.

कोणी म्हणेल, नाशिकमध्ये पुस्तकांना एवढी काय कमी आहे, सावाना, म्हणजे सार्वजनिक वाचनालय, १८४० पासून आहे. आहेच, आणि मी तिची मेंबर आहे, संदर्भाचं किंवा नावाने मागायचं पुस्तक असेल तर तिथेच जावं लागतं. कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा ‘ग्रंथ तुमच्या दारी’ही आपल्याच गावातला, तोही २००९ चाच, म्हणजे हडसनची पेटी आणि नाशिकची पेटी एकाच वर्षातल्या! तिथे वाचकांच्या एका ग्रुपकडे निवडलेल्या पुस्तकांची पेटी येते आणि काही महिन्यांनी ती दुसऱ्या पेटीशी बदलते, त्यामुळे माल चांगला असतो, काकूंच्या पेटीपेक्षा कितीतरी चांगला, हे काकूही मान्य करतात. पण तिथे ग्रुप लागतो, कोणीतरी जबाबदारी घ्यावी लागते. इथे रात्री साडेनऊला, कुत्रा फिरवताना, चपलेवर, कोणाला न विचारता पुस्तक मिळतं. आमच्या कामवाल्या मावशींची मुलगी दहावीचं गाईड इथूनच घेऊन गेली, तिला कार्ड काढायला आधार कार्ड आणि डिपॉझिट आणायला सांगितलं असतं तर ती आली नसती.

मग दीड स्टार कुठे गेला? अर्धा निवडीचा आणि रंगवलेल्या पुस्तकांचा मिळून, वर लिहिलंच. अर्धा पार्किंगचा. तक्रार करणाऱ्याचा मला पूर्वी राग होता, आता तेवढा नाही, कारण एका रविवारी मी स्वतः बघितलं, त्यांच्या फाटकासमोर तीन गाड्या आडव्या लावलेल्या, लोक पुस्तकं चाळत गप्पा मारतायत, आणि ते आजोबांना डॉक्टरकडे न्यायला गाडी काढू पाहतायत. हॉर्न दिला तर एक जण म्हणे, “दोन मिनिटं, वाचतोय.” पत्ता न देण्याचं कारण हेच. गेलात तर गाडी मेन रोडला लावा आणि चालत या, फार लांब नाहीये.

राहिलेला अर्धा त्या सरकत्या काचेचा. रुळात धूळ जाते, पावसानंतर चिखल होतो, मग काच मध्येच अडकते, जोर लावला की सुटते आणि बोट चिमटतं. माझं दोनदा चिमटलंय, एकदा रक्त आलं. काकूंना सांगितलं तर म्हणाल्या, दसऱ्याला पेटी रिकामी करून पुसायचीच आहे, तेव्हा रुळात मेण घालते. गेल्या दसऱ्यालाही हेच म्हणाल्या होत्या.